बुधवारी उघड

फ्रान्समधल्या मोंब्राझ गावच्या रविवारच्या बाजारात आई पुढे आणि मुलगी मागे, हा क्रम ठरलेला होता. जोसियान एखाद्या टोपलीपाशी थांबली की आर्मेल दोन पावलं अलीकडे थांबायची, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची आणि भाजीत खोचलेल्या पाट्या वाचत उभी राहायची. ती ल्योंमधल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. त्यामुळे तिची नजर आधी चुकीवर पडायची आणि मग भाजीवर.

"आटिचोकच्या पाटीवर शेवटच्या मुक्या 'त'च्या जागी 'द' लिहिलाय ना त्याने?" कमळाच्या कळीसारख्या त्या हिरव्या भाजीवरून हात फिरवत आई मागे न बघताच म्हणाली.

"हो."

"लिहू दे. खाताना 'द' थोडाच दाताखाली येतो!"

भाजीवाल्याने मान वर केली. "काय म्हणतायत तुमच्या कन्या?"

"ती म्हणतेय, काय देखणे आटिचोक आहेत," आईने बेधडक ठोकून दिलं. "मला सांगा, तुमच्याकडे उकडताना व्हिनेगर घालतात की लिंबू?"

झालं. रांगेत मागे उभ्या असलेल्या आजोबांना व्हिनेगर हे नाव ऐकूनच ठसका लागला. लिंबूसुद्धा नको, नुसतं मीठ, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या, नुसत्या मिठात उकडतात ते सैन्यात. पाहता पाहता चार माणसांचं कोंडाळं झालं आणि त्याच्या मधोमध जोसियान दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली होती. आटिचोक तिने डोळे मिटून उकडले असते. पण तिला उत्तर नको असायचं, माणसं हवी असायची.

आर्मेल बाजूला उभी राहून हे सगळं ऐकत होती. चेहऱ्यावर काही नाही. तिच्या चेहऱ्यावर कधीच काही नसायचं. लहानपणी वाढदिवसाचं पुडकं उघडतानासुद्धा ती असा चेहरा करायची की देणाऱ्याला वाटावं, दुकानात परत करायला पावती शोधून ठेवावी. घरात पुस्तकं वाचणारी ती एकटीच, आणि बोलणंही पुस्तकातल्यासारखं, मोजून मापून. "हिच्या पोटात शिरायचं तर आधी दार ठोठावा, मग पत्र टाका, मग वाट बघा," असं लुसेत मावशी म्हणायची.

दर मे महिन्यात येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो तो गुरुवारी. मग शुक्रवार मधे लोंबकळत राहतो, आणि देशभर एकमेकांना एकच प्रश्न विचारला जातो: "पूल करताय का?" म्हणजे शुक्रवारची रजा टाकून गुरुवारवरून थेट शनिवार-रविवारवर पाऊल टाकताय का? या मायलेकी गेली कित्येक वर्षं पूल करत होत्या, आणि तोही एकाच ठिकाणी. नवं गाव बघायचं आई नाव काढत नसे. "नवीन गावात सगळ्यांना पहिल्यापासून सांगत बसावं लागतं," हे तिचं कारण. प्रवासी लोकांचं जुनं हॉटेल, दोन पलंगांची खोली, खिडकीखाली नदी. गुरुवारी पोचायचं, शुक्रवारी अक्रोडाच्या बागांमधून पाय नेतील तिथे जायचं, शनिवारी दुपारी झोपायचं आणि रविवारी बाजार करून परत फिरायचं.

शुक्रवारी ऑफिस बंदच असतं, असं आर्मेलने आईला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ऑफिस बंद नसायचं. तो शुक्रवार आर्मेल जानेवारीतच मागून ठेवायची, नव्या कॅलेंडरची गुंडाळी सरळ व्हायच्या आत. ऑफिसातले लोक समजायचे, हिचं कुठेतरी काहीतरी आहे. एप्रिल लागला की ती कपाटातले चालायचे बूट काढून उन्हात ठेवायची. पण "तुझ्याबरोबर यायचं म्हणून रजा टाकली" हे वाक्य तिच्या तोंडून निघालंच नसतं. ते तिला फार मोठं वाटायचं. 'बंदच असतं' हे सोपं होतं.

बाजाराच्या मोठ्या छपराखाली, टोकाला, पेरोशों बाईंचं चीजचं दुकान लागायचं. या भागातलं चीज म्हणजे तळहाताएवढी गोल चकती. आज घट्ट, चार दिवसांनी मऊ आणि आठवड्याने इतकी पातळ की ताटलीत ठेवली नाही तर टेबलावरून चालायला लागेल. त्यामुळे पेरोशों बाई आधी कुठलं हवं ते विचारतच नसत, कधी खाणार ते विचारत.

"एक आत्ताचं," जोसियान म्हणाली, "आणि एक बुधवारचं."

बाईंनी अंगठ्याने चकत्या दाबत दाबत एक उचलली, परत ठेवली, दुसरी उचलली. "बुधवार दुपार की बुधवार रात्र?"

"रात्र. ती रात्रीच खाते."

पुडकं आर्मेलच्या पिशवीत गेलं. "बुधवारी उघड हं," आई म्हणाली. "आधी नको."

"आई, दरवर्षी सांगतेस."

"दरवर्षी तू तेवढीच हट्टी असतेस."

मग नदीकाठच्या बाकावर जेवण. पाव, लोणी, मुळे, आत्ताचं चीज. आईने पर्समधून लाकडी मुठीचा चाकू काढला, कागदाच्या पुरचुंडीतलं मीठ काढलं आणि मुळ्याला मधोमध चीर देऊन त्यात लोण्याचा गोळा भरून मुलीच्या हातात दिला, जणू मुलगी सहा वर्षांची आहे. मुलीने तो खाल्ला, तोही सहा वर्षांच्या मुलीसारखाच, सालपटासकट. पलीकडे कुणाचातरी कुत्रा पाण्यात उतरायला घाबरत होता. त्याला प्रोत्साहन देण्यात जोसियानचा अर्धा तास गेला.

संध्याकाळी ल्योंच्या स्टेशनात त्या वेगळ्या झाल्या. आईला पुढे घरी जायला रोआनची गाडी होती. ती डब्यात चढली, वळली, दारात उभी राहिली, आणि अगदी सहज, पिशवीचा बंद नीट करत म्हणाली,

"पुढच्या वर्षी नको हं करूया. चार दिवस माझ्यापायी वाया घालवतेस. तुझी सुट्टी तुला राहू दे. मित्रमंडळींबरोबर जा कुठेतरी."

आर्मेलच्या मनात आलं, असं काय म्हणतेस. मनात आलं आणि तिथेच थांबलं. मागून एक माणूस सायकल घेऊन डब्यात चढू बघत होता.

"बघू," ती म्हणाली.

दार लागलं. आईने काचेतून हात हलवला आणि मग बोटाने हवेत काहीतरी लिहून दाखवलं. बुधवार, असणार.

*

सोमवारी सकाळी लुसेत मावशीचा फोन आला. जोसियान स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती. कॉफी गाळून झाली होती, प्यायची राहिली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. कळलंही नसेल, असंही म्हणाले, आणि ते खरं असावं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आर्मेल त्याच दुपारी रोआनला गेली ती आठवड्याने परतली. घराचं दार उघडलं तेव्हा वासानेच तिला आठवलं. ताटलीतलं चीज कागद भिजवून टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. तिने ताटलीसकट ते कचऱ्यात टाकलं, टेबल दोनदा पुसलं, खिडक्या उघडल्या आणि मग अंगावरचा कोट न काढता खुर्चीत बसून राहिली. बुधवार कधी येऊन गेला, तिला आठवेना.

त्यानंतरचं वर्ष लोकांच्या नजरेला नीट गेलं. ती कामावर गेली, मजकूर तपासले, आईचं घर आवरलं, कपडे वाटले. रडताना कुणी पाहिलं नाही. पण मुद्रितं तपासताना कुठल्याही पात्राच्या तोंडी 'बघू' आलं की तिची पेन्सिल अडायची. काय बघणार होते? एवढा छोटा शब्द. त्याच्याऐवजी दुसरा कुठलाही चालला असता. 'वेडी आहेस का' चाललं असतं. 'गप गं' सुद्धा चाललं असतं. आई गाडीत बसून रोआनपर्यंत त्या 'बघू'कडे बघत गेली असेल. तिला वाटलं असेल, म्हणजे खरंच की. पोरगी इतकी वर्षं नाइलाजाने येत होती, आणि आज मी मोकळं केलं तर तिने आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत. आणि हे मनात घेऊन ती झोपली असेल आणि सकाळी उठून कॉफी गाळली असेल.

हे आर्मेल कुणाशी बोलली नाही. बोलायचं तर सांगावं लागलं असतं की शुक्रवारी ऑफिस बंद नसतं.

एप्रिलमध्ये मावशीचा फोन आला.

"पूल करतेयस का यंदा?"

"नाही."

"का? ऑफिस बंद असतं ना?"

आर्मेलने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मी येते," मावशी म्हणाली. "तुझ्या आईने माझं डोकं खाल्लंय त्या गावावरून. एकदा बघू तरी दे, एवढं काय सोनं लागलंय तिथे. आणि माझ्या गुडघ्यांची काळजी करू नकोस, ते मी सांभाळेन, तू फक्त पिशव्या सांभाळ."

लुसेत जोसियानची थोरली बहीण. केस कापायचं दुकान चालवून निवृत्त झालेली. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री धरून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे समोरच्याने मधे हलू नये अशी तिची अपेक्षा असे. तिला नाही म्हणण्याइतकी ताकद आर्मेलमध्ये नव्हती. शिवाय जानेवारीत, हात आपोआप चालावा तसा, तिने शुक्रवार मागून ठेवलेला होताच.

*

गुरुवारी त्या पोचल्या. हॉटेलमालक शाव्हानेल यांनी न विचारता तीच खोली दिली, पण मावशीकडे आणि मग आर्मेलकडे बघून त्यांनी किल्ली पुढे केली ती दोन्ही हातांनी. समजले. काही बोलले नाहीत, त्याबद्दल आर्मेलला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. अर्थात पडली नाही.

मावशीला काहीच पटलं नाही. नदी लहान होती, उशी मोठी होती, अक्रोडाच्या बागेत सगळी झाडं सारखीच होती. "हे बघायला चार दिवस?" ती म्हणाली. शुक्रवारी ती एका कुंपणाशी बसून राहिली आणि आर्मेल एकटी टेकडीच्या वळणापर्यंत जाऊन आली. शनिवारी दुपारी मावशी घोरत असताना तिने खिडकीच्या फळ्या ओढून घेतल्या आणि पलंगावर पडून फटीतून छतावर हलणारं पाण्याचं ऊन बघत राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. तिला त्याची लाजच वाटली.

रविवारी उजाडल्यापासून गाड्यांची दारं आपटायला लागली. मावशी खिडकीतून वाकून बघत होती. "कोंबड्या आहेत," ती म्हणाली, आणि त्या आवाजात चार दिवसांत पहिल्यांदा धुगधुगी आली. "अगं, जिवंत कोंबड्या आहेत! ऊठ!"

बाजारात मात्र मावशीला पंख फुटले. गुडघे हॉटेलात ठेवून आल्यासारखी ती पुढे आणि आर्मेल मागे. मावशीने टोपीवाल्याकडे तीन टोप्या घालून बघितल्या आणि एकही घेतली नाही. मधवाल्याच्या पोराचे केस कुणी कापले ते विचारून, "त्याला माझ्याकडून सांगा, आंधळ्याने कात्री धरू नये," असा निरोप दिला. मधवाला खो खो हसला. "माझ्या बायकोने कापलेत!" "मग सांगू नका," मावशी म्हणाली, "आणि तो मोठा डबा द्या, तुमचं घर सांभाळायला हवं."

छपराखालच्या टोकाशी पोचल्यावर आर्मेल मागे रेंगाळली. तिथून वळावं असं तिने ठरवलं होतं. पण मावशी रांगेत उभीसुद्धा राहिली होती. पुढची माणसं सरली. पेरोशों बाईंनी वर बघितलं. आर्मेलने चकत्यांकडे बोट दाखवलं.

"दोन," ती म्हणाली.

पेरोशों बाईंचा हात हवेत थांबला. मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या. बोंझूर, म्हणजे आपला नमस्कार, न म्हणता सरळ सौद्याला हात घालणं म्हणजे त्या गावात बूट घालून दुसऱ्याच्या गादीवर चढणं.

"बोंझूर," पेरोशों बाई ठासून म्हणाल्या.

आर्मेल कानापर्यंत लाल झाली. असं तिच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. "बोंझूर मादाम. माफ करा, मी..."

"हिचं बोंझूर ल्योंला राहिलंय," मावशीने मधेच टाकलं. "मी दोघींचं म्हणते. बोंझूर, बोंझूर."

रांगेत कुणीतरी हसलं. पेरोशों बाईही हसल्या, आणि मग त्यांनी डोळे बारीक करून आर्मेलकडे नीट पाहिलं.

"थांबा, तुम्ही बुधवारच्या ना? बुधवारवाल्या बाईंच्या कन्या! आई कुठेत? आटिचोकपाशी अडकल्या असतील."

"आई गेली," आर्मेल म्हणाली. "गेल्या वर्षी. इथून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पेरोशों बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"सोमवारी?"

"सोमवारी."

"म्हणजे बुधवार आलाच नाही." त्या म्हणाल्या आणि मागच्या रांगेकडे बघून आवाज चढवला, "जरा दम धरा हो, चीज कुठे पळत नाही!" मग फळीवरून वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी एकदा विचारलं होतं त्यांना, की बाई, बुधवारच का? लोक रविवारचं मागतात, पाहुणे येणार असतील त्या दिवसाचं मागतात. बुधवारी कोण येतं? तर म्हणाल्या, बुधवारी माझ्या मुलीचा फोन येतो. रविवारी करते तो चर्चमध्ये मिस्साला गेल्यासारखा करते. जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवते. पण चीज दिलं की बुधवारी ते कसं निघालं ते सांगायला आपणहून करते. आणि मग ठेवतच नाही. हसतेसुद्धा, म्हणाल्या."

आर्मेलला ते फोन आठवले. चीज वाहतंय, चमच्याने खाल्लं, टेबलावरचा मजकूर बरबटला, लेखकाला काय सांगू. आणि पलीकडून आईचं खदखदून हसणं. त्या रात्री दोघी काय काय बोलायच्या! मोंब्राझचं पुन्हा सगळं, कुत्र्यापासून. तिला वाटायचं, आपण आईचं मन राखायला फोन करतोय.

"कधी खाणार?" पेरोशों बाईंनी विचारलं. विचारावंच लागतं, त्याशिवाय हात चालत नाही.

"आत्ता," मावशी म्हणाली. "माझ्या वयात बुधवारची वाट बघत नाहीत."

"दोन्ही आत्ताची द्या," आर्मेल म्हणाली.

*

नदीकाठच्या बाकावर मावशीने पायातले बूट काढले. आर्मेलने पाव मोडला. चाकू हॉटेलात राहिला होता, म्हणून चीजला पावानेच खरवडून खावं लागलं. बाजार उठायला लागला होता. पेट्या आदळत होत्या, कोंबडीवाला उरलेल्या कोंबड्यांची समजूत घालत होता.

"चांगलं आहे," मावशीने बोटं चाटत कबूल केलं. या चार दिवसांत तिने चांगलं म्हटलेली ही पहिली गोष्ट.

आर्मेलने मांडीवरचे पावाचे कण झटकले. मग तिने मनातल्या मनात दार ठोठावलं, पत्र टाकलं, वाट बघितली, आणि शेवटी आतून स्वतःच दार उघडलं.

"मावशी, आईला वाटत होतं का, की मी इथे नाइलाजाने येते?"

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. शेवटच्या दिवशी, गाडीत चढल्यावर. पुढच्या वर्षी नको म्हणाली. तुझे चार दिवस माझ्यापायी वाया जातात म्हणाली."

मावशीने खाणं थांबवलं आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं आरशातून गिऱ्हाइकाकडे बघतात.

"आणि तू ते खरं मानलंस?"

"म्हणजे?"

"अगं खुळे! जोसियान 'नको' म्हणाली म्हणजे 'हवंच' असायचं. लहानपणापासून. शेवटचा केकचा तुकडा, 'मला नको, तू घे.' घेऊन दाखव! आठवडाभर बोलायची नाही. दर नाताळला मला सांगायची, लुसेत, या वर्षी तू येऊ नकोस, थंडी फार आहे. एका वर्षी मी खरंच गेले नाही. ईस्टरपर्यंत माझ्या नावाने दार बंद. तिने गळ टाकला होता तुझ्यासमोर, बाई. तू म्हणावंस, नाही आई, जायचंच."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाहीच म्हणालीस."

"मी 'बघू' म्हटलं."

"ठाऊक आहे."

आर्मेलने मान वळवली. "कसं?"

"घरी पोचल्यावर तिने रात्री फोन केला ना मला. दरवर्षी करायची, अगदी कोट काढायच्या आत. मी विचारलं, काय म्हणते तुझी पुतळाबाई? पुढल्या वर्षीचं विचारलंस? तर म्हणाली, विचारलं. 'बघू' म्हणाली." मावशी स्वतःशीच हसली. "मी म्हटलं, एवढंच? तर मलाच झापलं! म्हणाली, तुला काय कळतंय, लुसेत. आमची आर्मेल नको असलं की 'नाही' म्हणते, तोंडावर. तिच्या तोंडून 'बघू' निघालं म्हणजे चौदा जुलैची, राष्ट्रीय सणाची आतषबाजी झाली म्हणून समज. आणि मग मला गाऊन दाखवलं."

"काय गाऊन दाखवलं?"

"तू शनिवारी दुपारी पडल्या पडल्या गुणगुणतेस ते. आपण गुणगुणतोय हेही तुला कळत नाही म्हणे. ती दरवर्षी त्या खोलीत जागी पडून ते ऐकायची. झोपत नव्हती ती दुपारी, ऐकत बसायची. भयंकर बेसूर आहे, मी तिला सांगितलं. काल मीही ऐकलं, खरंच भयंकर आहे."

"तू घोरत होतीस."

"मी दोन्ही करते."

आर्मेल हसायला गेली आणि हसू मधेच कुठेतरी वाट चुकलं. तिने पावाचा तुकडा दोन्ही हातांत घट्ट धरला आणि खाली मान घालून बसली. खांदे हलायला लागले तसं मावशीने तिच्याकडे न बघता आपला रुमाल तिच्या मांडीवर टाकला. मग बूट घालायला वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ नाड्यांशी खेळत राहिली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" थोड्या वेळाने आर्मेलने विचारलं.

"तू कधी विचारलंस? तुला वाटतं, सगळ्यांना आतलं दिसतं. तुझ्या आईला दिसायचं. तिचे डोळे तसे होते. आम्ही बाकीचे आंधळे आहोत, आम्हाला मोठ्याने सांगावं लागतं."

"तिलाही सांगायला हवं होतं. दिसत असलं तरी."

"मग सांग."

"आता?"

"आता नाही तर काय पुढच्या पुलाला? सांग."

"उद्या रोआनला येईन तुझ्याबरोबर. कबरीवर जाऊ."

मावशी उठून उभी राहिली आणि गुडघ्यावर हात ठेवून तिने बाजाराकडे, त्या मोडत चाललेल्या, ओरडणाऱ्या, कोबीच्या पानांनी भरलेल्या चौकाकडे हनुवटी उडवली.

"तुझी आई, रविवारी, बाजार भरलेला असताना, कबरस्तानात बसून राहील असं वाटतं तुला? अक्कल आहे का? इतकी पुस्तकं वाचलीस ती कशाला?"

आर्मेल उठली. बाक सोडून चार पावलं पुढे गेली. चौकात नगरपालिकेचा माणूस पाण्याची नळी सोडत होता. आटिचोकवाला पाट्या पुसून एकावर एक रचत होता. पेरोशों बाई गाडीत पेट्या चढवताना कुणालातरी शिव्या घालत होत्या. कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि असतं तरी, तिच्या मनात आलं, काय बिघडतंय.

"आई," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून तिने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. आटिचोकवाल्याने वळून बघितलं. ती थांबली नाही.

"शुक्रवारी ऑफिस बंद नसतं गं. मी रजा घ्यायचे. जानेवारीतच घ्यायचे, सगळ्यांच्या आधी. तुझ्यासाठी नाही आई, माझ्यासाठी. वर्षभर मी याचीच वाट बघायचे. मला तुझ्याबरोबर यायला फार फार आवडायचं."